बिबट्या एक, मुलूख अनेक



साहित्याच्या व्यासपीठावर एक होमिओपॅथ बिबट्याविषयी बोलायला उभा आहे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. त्याचे कारण आधी सांगून टाकतो. बोडेलीच्या बाजूचा एक शेतकरी बरीच वर्षे माझ्याकडे औषधाला येतो. एकदा तो आला तो दुखणे सांगायच्या आधी दीपड्याची हकिकत सांगत बसला. गुजरातीत बिबट्याला दीपडो म्हणतात, हे आपण बडोदेकर जाणतोच. त्याच्या शिवारात पिंजरा लावून एक दीपडा धरला आणि गाडीत घालून दूरच्या जंगलात नेऊन सोडला. गाव निश्चिंत झाले. महिना उलटला नाही तोच पुन्हा शेळी गेली. त्याने मला दोन प्रश्न विचारले. हा तोच परत आला, की दुसरा? आणि शेतात राहणारे हे दीपडे जंगलातल्यांहून निराळ्या जातीचे असतात काय?

मला दोन्ही उत्तरे येत नव्हती. "मला ठाऊक नाही" असे म्हणायची आम्हा डॉक्टरांना फारशी सवय नसते, पण त्या दिवशी म्हणावे लागले. पुढे या विषयावर हाती लागेल ते वाचत गेलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या शेतकऱ्याला उशिरा दिलेले उत्तर आहे.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण त्यात पहिल्याचे उत्तर दडलेले आहे. एकाच प्राण्याची वेगवेगळ्या प्रदेशांतली कुळे एकमेकांपासून किती निराळी असतात? आणि हे निराळेपण रक्तात असते, की मुलखात?

आधी एक घोटाळा दूर करतो. ठिपके असलेल्या मोठ्या मांजराला आपण सरसकट चित्ता म्हणून मोकळे होतो. गायकवाडांच्या दरबारी काळविटाच्या शिकारीसाठी पाळले जात ते चित्ते खरे. चित्त्याच्या अंगावर भरीव, सुटे ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ उतरलेली असते. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके चार-पाचांच्या झुबक्यांनी फुलासारखी कडी करतात आणि कड्याच्या आत मोकळी जागा असते. तिसरा आहे अमेरिका खंडातला जॅग्वार. त्याचीही कडीच, पण मोठी, आणि बहुतेक कड्यांच्या आत एखाद-दुसरा काळा ठिपका. अंगाने तो बिबट्याहून थोराड, डोके रुंद, जबडा भक्कम. बिबट्या आणि जॅग्वार हे वाघ-सिंहांच्या कुळातले जवळचे भाऊबंद आहेत. जॅग्वारची हकिकत आधी सांगतो, कारण आपल्या बिबट्याला लागू पडणारा धडा तिच्यात स्पष्ट दिसतो.

ब्राझीलच्या पश्चिमेला पांतानाल नावाचा अफाट पाणथळ प्रदेश आहे. तिथल्या जॅग्वार नराचे वजन शंभर किलोच्या आसपास भरते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझ या छोट्या देशाच्या दाट जंगलातला नर मात्र पन्नास-साठ किलोंचा. म्हणजे एक दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट. दोन्ही कातडी एका बाजेवर पसरली, तर हे एकाच जातीचे प्राणी आहेत यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. लंडनच्या रेजिनाल्ड पोकॉक या प्राणिशास्त्रज्ञाने १९३९ साली कवट्या आणि कातडी पाहून जॅग्वारच्या आठ उपजाती ठरवल्या होत्या. कित्येक वर्षे त्या पुस्तकांतून शिकवल्या गेल्या.

पुढे १९९७ मध्ये पुष्कळ कवट्यांची मापे पुन्हा घेतली गेली आणि आठ उपजातींमधल्या सीमा सापडेनात. एकाच प्रदेशातल्या दोन कवट्यांमध्ये जेवढा फरक, तेवढाच दोन प्रदेशांतल्या कवट्यांमध्ये. २००१ मध्ये जनुकांची तपासणी झाली. ॲमेझॉन नदीच्या उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे जॅग्वार यांच्यात थोडासा भेद दिसला, एवढेच. आठ उपजातींना आधार मिळाला नाही. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंत जॅग्वार एकच.

मग दुप्पट वजन आले कुठून? ते आले ताटातून. पांतानालमध्ये मगरीच्या जातीचे केमन, डुकराएवढा थोरला कॅपिबारा हा कृंतक प्राणी आणि गोठ्याबाहेर चरणारी गुरे असे भरभक्कम खाणे आहे. बेलीझच्या जंगलात जॅग्वारचे मुख्य भक्ष्य म्हणजे अंगावर कवच असलेला छोटा आर्मडिलो. मोठे सावज पाडायला मोठे शरीर लागते आणि ते पोसलेही जाते. आर्मडिलोवर शंभर किलोंचा देह चालवता येत नाही. दाट झाडीत थोराड अंग अडचणीचेच ठरते. हा बदल पिढ्यान् पिढ्या होत आलेला आहे, पण त्याने वेगळी जात निर्माण झालेली नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात मामिराउआ नावाचे जंगल दरवर्षी तीन-चार महिने पुराच्या पाण्यात बुडते. तिथले जॅग्वार तो काळ झाडांवर काढतात; तिथेच शिकार, तिथेच पिल्ले. कोरड्या मुलखातल्या जॅग्वारला हे सांगितले तर खरे वाटणार नाही. शरीर तेच, संसार निराळा.

आता बिबट्याकडे वळू. बिबट्याचा मुलूख जॅग्वारच्या मानाने फार मोठा. आफ्रिकेचे दक्षिण टोक, अरबस्तान, इराण, भारत, श्रीलंका, जावा बेट आणि वर थेट रशियाच्या पूर्व टोकापर्यंत. एवढ्या पसाऱ्यात अभ्यासकांनी नावे ठेवण्याची चंगळ केली नसती तरच नवल. विसाव्या शतकाच्या अखेरीस बिबट्याच्या सत्तावीस उपजाती नोंदलेल्या होत्या.

आपल्या भारतीय बिबट्याचे शास्त्रीय नामकरण झाले १७९४ मध्ये, आणि ते गमतीदार आहे. मायर नावाच्या जर्मन अभ्यासकासमोर बंगालमधला जो नमुना होता, तो नेमका काळा बिबट्या होता. म्हणून त्याने लॅटिनमध्ये 'काळसर' या अर्थाचे 'फुस्का' हे नाव दिले. आज भारतभरातला पिवळा, ठिपकेदार बिबट्या शास्त्राच्या दप्तरी 'काळसर' म्हणूनच नांदतो आहे. पहिला रुग्ण पाहून सगळ्या गावाचे निदान केले, तर असे होते.

त्यानंतर आपल्या मुंबईचा संबंध येतो. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने १९११ पासून देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. ठिकठिकाणची कातडी आणि कवट्या गोळा झाल्या. त्यांवर काम करून याच पोकॉकने १९३० मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात आशियातल्या बिबट्यांवर मोठा लेख लिहिला. काश्मीरचा बिबट्या त्याने वेगळा काढला आणि सोसायटीचे कार्यवाह मिलार्ड यांचे नाव त्याला दिले. नेपाळ-सिक्कीमकडचा आणखी वेगळा काढला. त्याची नजर बारीक होती, त्याने पाहिलेले फरक खरे होते. थंड प्रदेशातल्या बिबट्याचे केस लांब आणि रंग फिका असतो, हे आजही दिसते. चूक एवढीच झाली की उतरणीवरच्या दोन टोकांना त्याने दोन वेगळ्या खोल्या मानल्या. मधली उतरण त्याच्या कपाटात नव्हती, कारण मधल्या गावांची कातडीच आली नव्हती.

१९९६ मध्ये जनुकांच्या आधारे सत्तावीसच्या जागी आठ उपजाती पुरेत असे दिसून आले, आणि २०१७ मध्ये जगातल्या मार्जारकुळाच्या तज्ज्ञांनी केलेल्या यादीतही आठच आहेत. त्यात सबंध आफ्रिकेची मिळून एक, आणि भारतीय उपखंडाची एक. श्रीलंका बेट असल्याने तिथली निराळी. काश्मीरची आणि नेपाळची वेगळी नावे आता भारतीय बिबट्यातच विलीन झाली आहेत. म्हणजे जम्मूचा, जांबुघोड्याचा, जुन्नरचा आणि केरळचा बिबट्या शास्त्राच्या दृष्टीने एकाच उपजातीचा आहे. माझ्या शेतकरी मित्राच्या दुसऱ्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे मिळाले: शेतातल्या बिबट्याची जात निराळी नाही.

पण अर्धेच. कारण एका उपजातीतही फरक किती असावेत! दक्षिण आफ्रिका हा एकच देश घ्या. केपच्या खडकाळ डोंगरांतला बिबट्या नर तीस-पस्तीस किलोंचा. ससाएवढा खडकसशासारखा प्राणी आणि लहान हरिण यांवर त्याची गुजराण. त्याच देशातल्या क्रुगर उद्यानाच्या बाजूचा नर साठ किलोंच्या घरात. अरबस्तानातला वाळवंटी नर तीस किलोंच्या आसपास, तर इराणच्या डोंगरातला नव्वदपर्यंत जातो. थंड हवेत जनावर मोठे होते असा एक ठोकताळा आहे, पण रशियाच्या पूर्वेकडचा बिबट्या बर्फात राहूनही आपल्या बिबट्याहून जड नसतो. थंडीवर त्याने उपाय केला तो केसांचा. हिवाळ्यात त्याची लव सात सेंटिमीटरपर्यंत वाढते. म्हणजे एकच एक नियम लावून भागत नाही. हवा, झाडी, सावज, शेजारी कोण आहे, हे सगळे एकत्र पाहावे लागते.

रंगाचेही तसेच. काळा बिबट्या ही निराळी जात आहे, असा समज किपलिंगच्या बघीरामुळे घरोघर पोचला. वस्तुतः तो नेहमीचाच बिबट्या असतो. तिरप्या उन्हात पाहिले तर काळ्यावर काळी कडी दिसतात. बिबट्यातला काळेपणा जनुकशास्त्राच्या भाषेत अप्रभावी आहे: आई आणि बाप दोघांकडून तो गुण आला तरच पिल्लू काळे होते. म्हणून दोन पिवळ्या बिबट्यांच्या पोटी काळे पिल्लू येऊ शकते, पण दोन काळ्यांच्या पोटी पिवळे येत नाही. जॅग्वारमध्ये हे नेमके उलटे आहे. तिथे काळेपणा प्रभावी, एकाकडून आला तरी पुरे. एकाच रंगाला दोन प्राण्यांत दोन निराळी जनुके कारण आहेत. आणि या गुणाचे प्रमाण मुलखागणिक बदलते. मलाया द्वीपकल्पाच्या घनदाट, अंधाऱ्या जंगलात जवळजवळ सगळेच बिबटे काळे. आपल्याकडे सह्याद्रीच्या ओल्या जंगलांत, सिंधुदुर्गापासून कर्नाटकातल्या काबिनीपर्यंत, अधूनमधून दिसतात. कोरड्या, मोकळ्या रानात क्वचितच.

भारतातल्या बिबट्यांच्या जनुकांचा एक अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात चार गट आढळले: पश्चिम घाटातला, दख्खनचे पठार आणि लगतच्या कोरड्या प्रदेशातला, शिवालिक टेकड्यांतला आणि तराईतला. हे गट उपजाती नव्हेत. एका घराण्याच्या शाखा गावोगाव पांगाव्यात आणि सोयरिकी कमी व्हाव्यात, तसा हा प्रकार. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र मन अस्वस्थ करणारी आहे. साधारण सव्वाशे ते दोनशे वर्षांपूर्वीपासून या बिबट्यांची संख्या पंचाहत्तर ते नव्वद टक्क्यांनी घसरल्याची खूण त्यांच्या जनुकांत उमटलेली आहे. त्या काळाशी इतिहासाची नोंद जुळते. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत ब्रिटिश हिंदुस्थानात बक्षिसासाठी दीड लाखांहून अधिक बिबटे मारले गेले, असे इतिहासकार महेश रंगराजन यांनी सरकारी दप्तरांवरून दाखवले आहे. आज आपण म्हणतो की बिबटे फार वाढले. ते म्हणताना एवढे ध्यानात असावे की ही वाढ फार खाली गेलेल्या आकड्यावरून झालेली आहे.

आता वागण्यातल्या फरकाकडे येतो, आणि माझ्या मते या विषयाचे मर्म इथेच आहे.

गीरमध्ये बिबट्या सिंहाच्या राज्यात राहतो. सिंहाची वाट टाळायची आणि प्रसंग आला तर झाडावर चढून जीव वाचवायचा, हे तिथल्या बिबट्याला आईकडून शिकावेच लागते. श्रीलंकेत वाघही नाही आणि सिंहही नाही. तिथला बिबट्या रानाचा राजा असल्यासारखा दिवसाढवळ्या रस्त्यावरून चालतो. मुंबईत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे शंभर चौरस किलोमीटरचे, तिन्ही बाजूंनी शहराने वेढलेले. २०१५ च्या पाहणीत तिथे पस्तीस बिबटे कॅमेऱ्यात टिपले गेले. उद्यानात चितळ-सांबर आहेत, तरीही तिथल्या बिबट्याच्या आहाराचा जवळजवळ चौथा हिस्सा भटक्या कुत्र्यांचा असल्याचे विष्ठेच्या तपासणीतून दिसले.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याची गोष्ट याहून थक्क करणारी. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या खोऱ्यात कॅमेरे लावले. राखीव जंगल नाही, दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसे. आणि तिथे शंभर चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच प्रौढ बिबटे निघाले. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची कडी आपल्या बोटांच्या ठशांसारखी वेगळी असतात, त्यामुळे ही मोजणी चोख होते. गळ्यात पट्टे बांधून माग काढला तेव्हा दिसले की दिवसा हे बिबटे घरांपासून लांब पिकात पडून असतात आणि रात्री वस्तीजवळून फिरतात. त्यांच्या खाण्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावातल्या जनावरांचा होता. त्यातही एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. कुत्र्यांपेक्षा शेळ्या सातपट असूनही शेळ्यांचा वाटा जेमतेम अकरा टक्के. कारण साधे आहे: शेळी रात्री गोठ्यात असते, कुत्रे उकिरड्यावर. हा आकडा लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

बिबट्या उसात आला कसा, हेही पाहायला हवे. जुन्नर-अकोल्याच्या पट्ट्यात धरणे झाली, कुकडीसारखे प्रकल्प आले, कालव्यांचे पाणी फिरले आणि जिथे बाजरी होती तिथे ऊस उभा राहिला. आडसाली ऊस दीड वर्ष उभा असतो. त्यात सावली, गारवा, आडोसा आणि शेजारी पाणी. मादीला पिल्ले घालायला याहून सुरक्षित जागा कोणती? ऊसतोडीच्या हंगामात फडात पिल्ले सापडल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या पिल्लाला जंगल ठाऊक नाही. त्याच्या लेखी फड हेच रान. तेव्हा "जंगल सोडून गावात आला" हे आपले नेहमीचे वाक्य त्याला लागू पडत नाही. तो तिथलाच. आपल्याकडेही सुरत जिल्ह्यात मांडवीकडच्या उसात हेच चालले आहे. बोडेलीच्या बाजूने नर्मदेचा कालवा जातो. कोरडवाहू जमिनीत पाणी आले, पिके दाट झाली. गुजरात वनखात्याच्या गणतीत राज्यातले बिबटे २०१६ मध्ये १३९५ होते, ते २०२३ मध्ये २२७४ झाले.

म्हणजे शेतकऱ्याच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर असे: जात एकच, पण संस्कार निराळे. आमच्या व्यवसायात एकाच तापाचे दोन रुग्ण आले तर दोघांची विचारपूस वेगळी करावी लागते: झोप कशी, तहान कशी, घर कसे, काम कोणते. बिबट्याचेही तसेच. गीरच्या बिबट्यावरून अकोल्याच्या बिबट्याचे निदान करता येत नाही. ही गोष्ट न ओळखल्यामुळे माणसांचे जीव गेले आहेत, आणि आता तेच सांगायचे आहे.

जुन्नर वनविभागात १९९३ ते २००१ या काळात बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. फेब्रुवारी २००१ पासून तिथे मोठी मोहीम निघाली. शेतांतून बिबटे पकडायचे आणि जंगलात नेऊन सोडायचे. हेतू चांगलाच होता. जनावरही वाचावे आणि माणूसही. एकोणतीस बिबटे असे हलवले गेले. परिणाम काय झाला? हल्ले वर्षाला सरासरी सतरावर गेले, आणि हल्ल्यात माणूस दगावण्याचे प्रमाण दुपटीने वाढले. विद्या अत्रेय यांनी सहकाऱ्यांसह याचा हिशेब मांडून २०११ मध्ये प्रसिद्ध केला. त्याच वर्षी केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आणि अशा स्थलांतराला आळा घालायला सांगितले.

असे का झाले असावे? अनोळखी मुलखात टाकलेल्या बिबट्याला पाणी कुठे, कुत्री कुठे, माणसे कोणत्या वेळी कुठे असतात, यातले काही ठाऊक नसते. त्या जागेवर आधीच दुसऱ्या बिबट्यांचा हक्क असतो, ते त्याला टिकू देत नाहीत. पिंजऱ्यात आणि गाडीत माणसांच्या गर्दीची जी दहशत त्याने सोसली, ती वेगळीच. आणि तो आपल्या घराची वाट धरतो. वाटेतली गावे त्याला अनोळखी, तो गावांना अनोळखी. ज्या बिबट्याला आपल्या गावात माणसाला टाळून जगायची कला साधली होती, त्याचीच ती कला आपण हिरावून घेतो. आणि इकडे रिकाम्या झालेल्या जागेत शेजारचा तरुण नर येऊन बसतो. त्याला गाव नवे, गावाला तो नवा.

घराची वाट धरणे म्हणजे काय, याचा दाखला 'आजोबा'ने दिला. २००९ मध्ये पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत पडलेला हा वयस्क नर. त्याला बाहेर काढून गळ्यात पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. तो महिनाभरात सुमारे १२० किलोमीटर चालत, रेल्वेमार्ग आणि महामार्ग ओलांडत, मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाच्या रानात जाऊन पोचला. सबंध प्रवासात त्याने कोणाही माणसाला इजा केली नाही. २०११ च्या डिसेंबरात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. आपण बडोदेकर मुंबईला जातो तो हाच रस्ता. त्याच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपटही निघाला. आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येते. शिवारात पुन्हा आलेला दीपडा तोच असू शकेल, दुसराही असू शकेल. दोन्ही शक्य आहे. पण जोवर शिवारात आडोसा, पाणी आणि मोकळे खाणे आहे, तोवर जागा रिकामी राहणार नाही, एवढे नक्की.

मग करायचे काय? इथे मला स्वतःविषयी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. मी जैन घरात जन्मलो. जीवदयेचे संस्कार लहानपणापासूनचे. "बिबट्यालाही जगू द्या" हे वाक्य माझ्या तोंडून सहज निघते. पण ते सहज निघते याचे एक कारण असे की माझ्या दारात शेळी बांधलेली नाही आणि माझी नात संध्याकाळी उसाच्या बांधावरून घरी येत नाही. ज्या आईचे मूल गेले, तिला मी कोणत्या तोंडाने जीवदया सांगणार? शहरातल्या अहिंसेचा खर्च गावाने सोसायचा, हे न्यायाचे नाही. अनेकान्त मानणाऱ्याने तरी दुसऱ्याच्या उंबरठ्यावर उभे राहून पाहिले पाहिजे.

म्हणून उपाय असे हवेत जे शेतकऱ्याच्या कामाचे आहेत. मघाचा अकरा टक्क्यांचा आकडा आठवा. वरून छप्पर आणि चहूबाजूंनी जाळी असलेला, दार घट्ट लागणारा गोठा ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची गोष्ट आहे. त्यासाठी पैसे शेतकऱ्याने एकट्याने का घालावेत? तेही समाजाचे काम आहे. गावाचा उकिरडा आणि मेलेली जनावरे उघड्यावर पडली की कुत्री वाढतात, कुत्र्यांमागे बिबट्या येतो. तेव्हा गावाची स्वच्छता हाही बिबट्याचाच बंदोबस्त आहे. अंधार पडल्यावर लहान मुलांना एकटे सोडू नये, फडाकडे एकट्याने वाकून बसू नये, घराजवळ उजेड असावा. शेतीची वीज रात्रीऐवजी दिवसा मिळाली, तर पाणी द्यायला अंधारात जावे लागणार नाही. बिबट्या दिसला की हजार माणसांनी घेराव घालून मोबाइल काढू नयेत. कोंडीत सापडलेले जनावर अंगावर येणारच. आणि शेळी गेली तर भरपाई हेलपाटे न घालता, लवकर मिळावी. राग तिथेच साचतो.

याचा अर्थ बिबट्याला कधीच हात लावू नये, असा नाही. माणसालाच सावज समजू लागलेला एखादा बिबट्या असू शकतो. कायद्याने बिबट्याला पहिल्या अनुसूचीत संरक्षण दिले आहे, तसा अशा प्रसंगी मुख्य वन्यजीव रक्षकांना अधिकारही दिला आहे. तो वापरावा लागला तर वापरावा. पण त्या एका बिबट्यासाठी. समोर दिसला तो प्रत्येक बिबट्या गुन्हेगार नव्हे. आणि त्याला पकडून दुसऱ्या गावाच्या गळ्यात घालणे हा उपाय नव्हे, ती आपली काळजी शेजाऱ्याकडे ढकलणे आहे.

शेवटी एक गोष्ट. मुलखागणिक फरक टिकायचे तर मुलूख एकमेकांना जोडलेले राहायला हवेत. ऐकायला हे उलटे वाटेल, पण तुटक बेटांवर अडकलेल्या शाखा निराळ्या होत नाहीत, त्या खंगतात. आपल्या पूर्वेला जांबुघोडा, पुढे रतनमहाल आणि त्यापलीकडे मध्य प्रदेशाचे रान अशी एक साखळी आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत महीसागर जिल्ह्यात लुणावाड्याच्या बाजूला एक वाघ कॅमेऱ्यात आला होता, तो मध्य प्रदेशातून चालत आलेला. फार दिवस जगला नाही बिचारा, पण वाट अजून उघडी आहे एवढे सांगून गेला. डांगच्या आदिवासींनी आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या वारल्यांनी वाघदेवाला शेंदूर फासून गावाच्या सीमेवर बसवले आहे. तिथे वाघ आणि बिबट्या असा भेद करीत नाहीत; दोघांनाही तोच मान. त्याला देव्हाऱ्यात आणले नाही आणि हाकलूनही दिले नाही. सीमेवर जागा दिली. मला त्यात शहाणपण दिसते.

माझ्या शेतकरी मित्राला मी हे सगळे थोडक्यात सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "म्हणजे दीपडा जाणार नाही, गोठाच नीट करावा लागेल." नंतरच्या खेपेस त्याने जाळी बसवल्याचे सांगितले. शेळ्या सुखरूप आहेत, मात्र वाडीतले कुत्रे गेले, याचे त्याला वाईट वाटत होते. मलाही वाटले. एवढ्या वाचनानंतरही त्या कुत्र्यासाठी माझ्याजवळ औषध नव्हते.